झाकण घट्ट लावलं होतं

आमच्या घरात वस्तू संपत नाहीत, उरतात. गणपतीतला कापूर, मुलाच्या बारावीच्या अर्ध्या कोऱ्या वह्या, रंगकामातला चार बोटं ऑइलपेंट. टाकून देऊ म्हटलं की अण्णा, म्हणजे माझे वडील, एकच प्रश्न विचारायचे, "खायला मागतंय का?" मागत नसे. मग ते माळ्यावर जाई. अण्णा गेले, माळा आणि प्रश्न मागे राहिले.

यंदा माझी मोटारसायकल सबंध पावसाळा पार्किंगमध्ये उभी होती. सप्टेंबरात फडकं मारून बाहेर काढली. निघताना छान पळाली. पण सिंहगड रस्त्यावरच्या गर्दीत दर दहा पावलांना ब्रेक मारत निघालो, तशी ती हळूहळू जड व्हायला लागली. दांडेकर पुलाजवळ येईतो दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत होती. एक सायकलवाले आजोबा पुढे गेले, वर वळून बघितलंही. शेवटी गाडी थांबली ती थांबलीच. ढकलली तर जागची हलेना. कुठून तरी करपल्याचा वास येत होता. मी आधी समोरच्या वड्यांच्या कढईकडे संशयाने बघितलं.

इलाज सुचेना म्हणून टपरीवर चहा घेतला. वीस मिनिटांनी येऊन सहज ढकलली, तर गाडी लोण्यासारखी सरकली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. माझं निदान पक्कं झालं: या गाडीला चहा लागतो.

सोसायटीत अर्थात याहून शास्त्रीय निदानं झाली. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरांनी लांबूनच चेन घट्ट असल्याचं सांगितलं. सेक्रेटरींनी पेट्रोलमधल्या इथेनॉलला दोष दिला. हल्ली कशाचाही दोष त्यालाच जातो. बायको म्हणाली, "गाडी तीच आहे. तुमचं वजन बघा." गाडीला हात मात्र एकानेही लावला नाही.

हात लावला तो मेकॅनिकने. गाडी डबल स्टँडला लावली, पोऱ्याला मागच्या कॅरिअरवर बसवून पुढचं चाक अधांतरी केलं आणि ते फिरवलं. फिरलं. मग ब्रेक सात-आठ वेळा दाबून सोडला आणि पुन्हा फिरवू गेला. चाक ढिम्म! त्याने डिस्कला धरलेल्या कॅलिपरवरच्या निपलला पाना लावला आणि अर्धा आटा ढिला केला. तपकिरी तेलाची एक बारीक चिळकांडी उडाली आणि चाक भिरभिर फिरायला लागलं.

"झालं," तो म्हणाला.

"बरी झाली?"

"बरी कुठली काका, रोग कळला. निपल सोडूनही चाक अडलेलं राहिलं असतं, तर पिस्टन नाहीतर पिना जाम. प्रेशर सोडल्यावर सुटलं, म्हणजे तेल खाली जातंय, पण वर परत येत नाहीये."

मग त्याने मला जे समजावलं ते शाळेत पास्कलच्या नियमाखाली मी पाठ केलं होतं; समजलं मात्र त्या दिवशी, ऑइलच्या डब्यावर बसून. ब्रेक दाबला की हँडलवरच्या मास्टर सिलिंडरमधलं तेल पिस्टनला ढकलतं, पिस्टन पॅडला, आणि पॅड डिस्क धरतात. सोडताना पिस्टनला मागे घेणारी स्प्रिंग कॅलिपरमध्ये नसतेच. पिस्टनभोवती रबराची चौकोनी कडेची रिंग असते. दाबताना ती जराशी मुरडते आणि सोडल्यावर सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढते. तेवढ्यावर चाक मोकळं. आणि वाढीव तेल परत टाकीत जायला मास्टर सिलिंडरमध्ये सुईच्या टोकाएवढं भोक असतं. ते बुजलं की अडकलेलं तेल पिस्टनला दाबून धरतं. पॅड घासतात, डिस्क तापते, तेल तापून फुगतं, फुगून आणखी दाबतं, म्हणून आणखी तापतं. सोसायटीच्या वार्षिक सभेत काय होतं ते मी दरवर्षी बघतो, त्यामुळे मला हे लगेच पटलं. चहाचाही उलगडा झाला. चहा मी प्यायचो, गार ती व्हायची.

त्याने मास्टर सिलिंडरचं झाकण उघडलं. आत काढ्याच्या रंगाचं तेल आणि तळाशी गाळ. क्लच वायरची एक तार सुटी करून त्याने ती त्या भोकात घातली आणि एकाग्रतेने फिरवली. तेवढ्यात त्याची नजर पेट्रोलच्या टाकीवर गेली. तिथे रंग उडालेला एक गोल होता, बाटलीच्या बुडाएवढा.

"काका, वरून ऑइल तुम्ही घातलं होतं?"

ब्रेक ऑइल रंग खातं, हे मला माहीत नव्हतं. ओघळलेली बाटली मी तिथेच टेकवली होती. पुरावा इतका गोल होता की नाकारायची सोय नव्हती.

"थोडंसं," मी म्हणालो. "घरात होतं."

"किती दिवस?"

"दिवस?" मी म्हणालो. "गाडी घेतली त्या सुमाराची बाटली." गाडी आहे २०१९ च्या आधीची. त्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. माझीला ते नाही. म्हणजे बाटली मुंजीच्या वयाची.

"हे तेल हवेतलं पाणी पितं काका. पाणी पिलं की आत गंज, गाळ. डॉट ४ असलं तर कोरं तेल २३० डिग्रीला उकळतं, ओलं झालेलं १५५ लाच. घाटात उकळलं असतं तर अडकायच्या ऐवजी ब्रेक लागलाच नसता. म्हणून दर दोन वर्षांनी सगळंच बदलायचं."

"पण झाकण घट्ट लावलं होतं!"

यावर त्याने उत्तर दिलं नाही. ब्रेक दाबत दाबत पिस्टन कॅलिपरबाहेर काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. चकचकीत असायला हवा होता. एका बाजूला कांजिण्यांसारखे गंजाचे फोड होते. पावसाळाभर उभ्या गाडीत तेही काम चालू होतं. पिस्टन आणि सीलकिट नवं घेतलं.

शेवटी एअर काढायची होती. निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीत. मी वर, तो खाली. "दाबा. दाबा. धरा." तो निपल ढिलं करी, नळीतून बुडबुडे जात, तो पुन्हा आवळी. "आता सोडा." एकदा मी आधीच सोडला, तर तो खालून ओरडला, "काका, सांगितल्याशिवाय सोडायचं नाही! हवा आत घेतं ते!"

न सोडण्याबद्दल कुणी मला बजावावं, असं आमच्या घराण्यात प्रथमच घडत होतं.

चाक फिरलं, ब्रेक लागला, सुटला. नव्या बाटलीत अर्धं तेल उरलं. माझा हात नकळत पुढे झाला. मेकॅनिकने बाटली उचलून फळीवर ठेवली. "दुपारी दुसऱ्या गाडीत जाईल. निम्मे पैसे वजा करतो." जुना पिस्टन मात्र मी मागून घेतला. पेपरवेट म्हणून बरा आहे, कागद हलत नाहीत.

घरी आल्यावर माळ्यावर चढून ती जुनी बाटली काढली आणि दुसऱ्या दिवशी मेकॅनिककडच्या जुन्या ऑइलच्या डब्यात पालथी केली. बायको खूश झाली. रिकाम्या हाताने परत आलात का, असं तिने विचारलं नाही, हे बरं झालं. बाटली मी घरी आणली आहे. झाकण अजून घट्ट बसतं.