टरफलं आणि सहावी ब

महाराष्ट्रातल्या शिक्षकांना १ ऑगस्ट हा दिवस अंमळ जड जातो. लोकमान्य टिळक गेले १ ऑगस्ट १९२० ला आणि अण्णा भाऊ साठ्यांचा जन्मही त्याच तारखेचा, त्याच सालचा. त्यामुळे परिपाठानंतर व्हरांड्यात दोन फोटो, दोन हार आणि इस्त्रीच्या गणवेशातल्या वक्त्यांची लांबलचक रांग असते. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ हे एका दमात उरकलं की पहिला वक्ता टरफलांवर येतो. दुसराही तिथेच येतो. सातव्यापर्यंत सगळी शाळा त्याच्या आधीच टरफलांशी जाऊन थांबलेली असते.

गोष्ट सर्वांना पाठ आहे. वर्गात शेंगांच्या टरफलांचा कचरा झाला, गुरुजींनी सरसकट सगळ्यांना शिक्षा फर्मावली आणि बाळ टिळकांनी ती बाणेदारपणे नाकारली. खरंखोटं इतिहासकार जाणोत. पण त्या गोष्टीतल्या गुरुजींचा विचार कुणी केल्याचं ऐकिवात नाही. मधली सुट्टी संपवून यावं तर पायाखाली कर्रकन टरफल वाजतं, फळ्यावर गणित अर्धवट असतं आणि समोरचा एकूण एक चेहरा देवघरातल्यासारखा निष्पाप! अशा वेळी त्या माणसाने करायचं तरी काय? पुढे टिळक स्वतः शिक्षक झाले. १८८० साली पुण्यात निघालेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये त्यांनी गणित शिकवलं. त्यांच्या वर्गात शेंगा कुणी खाल्ल्या आणि टरफलं कुणी उचलली, यावर मात्र अजून एकाही बालवक्त्याने प्रकाश टाकलेला नाही.

अण्णा भाऊंवरची भाषणं सुरू झाली की गुरुजींची आणखी पंचाईत. ते शाळेत अवघे दीड दिवस गेले असं सांगतात, आणि शाळा सुटली ती तिथल्या भेदभावापायी. इथे गुरुजींची बाजू घ्यायला जागाच नाही. खाली मान घालून टाळ्या वाजवाव्यात हे बरं. पण शाळेशिवायही ‘फकिरा’ लिहिता येते हे कळल्यावर मागच्या रांगेतले दोघं-तिघं ज्या आशेने एकमेकांकडे बघतात, ती आशा गृहपाठ तपासणाऱ्या बाईंना परवडणारी नसते.

शिक्षकांच्या सोयीची गोष्ट आहे ती गोपाळ कृष्ण गोखल्यांची. सगळी गणितं बरोबर आली म्हणून शाबासकी मिळाली, तर मुलगा रडायलाच लागला, कारण एक गणित दुसऱ्याकडून करून घेतलं होतं म्हणे! असा विद्यार्थी मिळावा म्हणून शिक्षक नवस बोलतील. पण गोखल्यांची पुण्यतिथी १९ फेब्रुवारीला, म्हणजे शिवजयंतीला. ढोल-लेझीम, फेटे आणि पोवाड्यांत गोपाळरावांना विचारतो कोण?

भाषणांचा परिणाम २ ऑगस्टला दिसतो. सहावी बमध्ये बाकाखाली कुरकुऱ्यांची रिकामी पाकिटं निघतात. ‘कुणी केला हा कचरा?’ म्हणताच अख्खा वर्ग लोकमान्य होतो.

पूर्वी अशा वेळी छडी होती, अंगठे धरणं होतं, बाकावर उभं राहणं होतं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही मनाई केली. झालं ते उत्तमच झालं. ज्यांनी ओल्या फोकाचा मार खाल्लाय त्यांना विचारा. ‘नापास करीन’ ही धमकीही आठवीपर्यंत गेली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीपुरती ती राज्यांच्या मर्जीवर आली. सहावी बला दोन्हीकडून अभय. उरलं काय, तर ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ आणि बाईंचा आवाज. तोही स्नेहसंमेलनापर्यंत बसतो.

त्यात न्यायदानही बाईंकडेच. खोडरबराचा खटला घ्या. मुद्देमाल: एका टोकाला चावलेलं, स्ट्रॉबेरीच्या वासाचं खोडरबर, पाठीवर कर्कटकाने ‘ओम’ कोरलेलं. पुरावा बिनतोड. फक्त फिर्यादीही ओम आणि आरोपीही ओम. साक्षीला उभा राहतो तो तिसरा ओम, आणि तो म्हणतो, ‘बाई, ते माझंय.’ एवढ्यात खिडकीजवळून करंगळी वर होते. एकाला सोडलं की पाच करंगळ्या उठणार, आणि नाही सोडलं तर काय होईल ते शिपाईमामांना माहीत.

डॉ. राधाकृष्णन यांच्या जन्मदिवशी, ५ सप्टेंबरला, दहावीच्या मुलामुलींना एक दिवस शिक्षक करतात. मुली आईची साडी दहा-बारा पिना लावून नेसतात, मुलं वडिलांचा शर्ट खोचतात आणि हजेरीपट काखेत मारून ऐटीत वर्गावर जातात. अशीच एक ‘बाई’ दुसऱ्या तासाला घसा बसलेल्या अवस्थेत शिक्षकखोलीत येते आणि विचारते, ‘बाई, छडी कुठे ठेवलीय?’

खऱ्या बाई डब्यातली पोळी बाजूला सारून तिला कलम १७ समजावतात. मुलगी शहाणी, ती सगळं ऐकून घेते.

‘मग बाई, तुम्ही सहावी बवर काय करता?’

‘मी? मी यंदा जूनमध्ये वेळापत्रक लागायच्या आधीच सहावी अ मागून घेतली.’