चांगदेव, वजा तीनशे तेहतीस

माझ्या अंतराळात चमत्कार चालत नाहीत. हा नियम मुलांना ऐकवताना मी आवाज जरा खालच्या पट्टीत नेला होता. पात्रं घेऊन खेळायच्या आमच्या अंतराळ-खेळात रेफरी मी, आणि रेफरीला ते शोभतं. कळंबोलीच्या लोखंड बाजारात हयात घालवलेला माणूस मी. ट्रेलर काट्यावर चढून पावती हातात पडेपर्यंत आम्ही कुणी सांगितलेल्या वजनावर विश्वास ठेवत नाही. त्यात नारळीकर वाचत वाढलेलो. तेव्हा यान हवं असेल तर इंधन मोजा, ग्रह हवा असेल तर तिथलं गुरुत्वाकर्षण सांगा. नुसतं बघून दार उघडणारं पात्र ज्याला हवंय त्याने खुशाल ड्रॅगनवाला खेळ खेळावा.

एवढा बाणेदारपणा दाखवायला जगात मला दुसरी जागा नाही. खरी कळंबोली पावसात तुंबते तेव्हा गुडघाभर पाण्यात चप्पल हातात घेऊन मी इतरांसारखाच चालतो. पण शनिवारी रात्री दिवाणावर बसून ‘या ग्रहावर आम्लाचा पाऊस पडतोय’ म्हटलं, की पाच पोरं निमूट हेल्मेट चढवतात. घरात पंखा बंद करा म्हटलं तर कुणी उठत नाही.

पंचाईत अशी, की मी ज्या खेळाच्या शपथा घेतो त्या ‘ट्रॅव्हलर’मध्येच सिद्धींचं कलम आहे. १९७७ साली मार्क मिलरने हा खेळ काढला, इलिनॉयमधल्या नॉर्मल नावाच्या गावातून. तीन छोटी काळी पुस्तकं. तिसऱ्यात, ग्रह आणि साहसं यांच्या सोबतीला, सायॉनिक्स: दुसऱ्याच्या मनातलं ऐकणं, लांबचं बघणं, हात न लावता वस्तू हलवणं, इथून नाहीसं होऊन तिथे उगवणं. माझ्या लेकीने ते पान शोधून काढलं आणि वकिलासारखं वाचून दाखवलं. “बाबा, पुस्तक तुमचंच आहे.”

नारळीकरांची ढाल पुढे केली, तर तीही उलटली. १९७४ साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. “म्हणजे तेही पात्र घेऊनच खेळले की, काका,” लेकीचा मित्र म्हणाला. ड्रॅगनवाला खेळ बाजारात आला तो त्याच साली, हे त्या कार्ट्याला ठाऊक नव्हतं म्हणून वाचलो.

मात्र कलम नीट वाचल्यावर मी खूश झालो, कारण त्यात वजावट आहे. दोन फासे टाकायचे, आणि अठराव्या वर्षानंतरच्या दर चार वर्षांमागे एक गुण कापायचा. वय वाढलं की सिद्धी गेली. मी पन्नाशीचा, म्हणजे आठ गुण आधीच गेले. फासे टाकले, सात पडले. शिल्लक वजा एक. १९८९च्या ‘शॅडोरन’ या खेळात तर शरीरात यंत्र बसवलं की जादू घटते, तिथे माझ्या दातांवरच्या दोन टोप्याही हिशेबात धरल्या असत्या.

आता चांगदेवांचं बघा. (पोरं म्हणतात, मी दर वेळी इथेच घसरतो. घसरू द्या.) चौदाशे वर्षांचे योगी वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन निघाले, आणि समोरून चार भावंडं भिंतीवर बसून आली. त्या भिंतीचं वजन मी काट्याच्या पावतीमागे मांडून पाहिलंय. दहा फूट लांब, पाच फूट उंच, दीड फूट जाड धरली तर चार टनांच्या पुढे जाते, भावंडं वेगळी. आळंदीत भिंत दाखवतात, पण काट्यावर कोण चढवणार? ते असो. चांगदेव का हरले याचं उत्तर मिलरच्या कलमात आहे. चौदाशेतून अठरा गेले, उरलेल्याला चाराने भागलं, की तीनशे पंचेचाळीस. फाशांवर जास्तीत जास्त बारा पडणार. शिल्लक वजा तीनशे तेहतीस! आणि त्या भावंडांतली मुक्ताई पोरसवदा, तिची कपात शून्य. चांगदेवांनी मायना सुचेना म्हणून कोरंच पत्र पाठवलं, तर चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला, असं ती बोलून मोकळी झाली. नॉर्मल गावच्या माणसाला ही कथा कुणी सांगितली असेल?

आमच्याकडे मधूनमधून एखादे नवे महाराज उगवतात आणि हात फिरवून गुडघे बरे करतात. त्यांच्या फाशांत वजावट कधी आलेली मी पाहिली नाही. माझ्या ओळखीच्या एका हमालाने त्या हातापायी ऑपरेशन लांबवलं. आता तो काठी घेऊन चालतो. हे आठवलं की माझा आवाज खालच्या पट्टीत राहत नाही.

लेकीचं पात्र अठराचं. फासे पडले सहा आणि पाच. तिने मनातलं ऐकण्याची सिद्धी घेतली, आणि ती महागात पडली मला. कारण यानातल्या प्रत्येक सोम्यागोम्याच्या मनात काय चाललंय हे आता मोठ्याने सांगणं आलं. कॅप्टनच्या मनात? कर्जाचा हप्ता. जकातवाल्याच्या? जेवण. मग ती बंद पडलेल्या इंजिनापाशी बसलेल्या म्हाताऱ्या मेकॅनिककडे वळली.

जूनमध्ये लेक पुण्याला शिकायला जाणार आहे. द्रुतगती मार्ग आमच्या कळंबोलीतूनच सुरू होतो, ९४.५ किलोमीटर. २००२ साली तो पुरा झाला तेव्हा पुणं हाकेच्या अंतरावर आलं म्हणून मी मिरवत होतो. हाक पुण्याहूनही येऊ शकते, हे तेव्हा सुचलं नाही.

“काय चाललंय त्याच्या मनात?”

“पुढच्या बंदरावर ही पोरं उतरणार,” मी म्हणालो. “त्यांनी उतरावं म्हणूनच तो इतकी वर्षं इंजिन घासत आला. पण आता झडप नीट बसवायला त्याचा हात धजत नाही. दोन दिवस उशीर झाला तर बरं, असं त्याला वाटतंय.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “आणखी ऐकते. गुण आहेत माझ्याकडे.”

“त्याने सिद्धीरोधक हेल्मेट घातलंय.”

“कधी घेतलं? सामानाच्या यादीत नाहीये.”

तेवढ्यात, इंजिन बंद का पडलंय याचा उलगडा बाकीच्यांना झाला, आणि मेकॅनिकला मालखान्यात डांबायचा ठराव एकमताने मंजूर झाला. अनुमोदन लेकीचं.