डीमधले दानशूर

आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने २०१४ साली सामन्याची वेळ कापली. पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन भाग गेले, पंधरा-पंधराचे चार आले. सत्तरची साठ मिनिटे झाली. हा निर्णय घेण्याआधी आठ ऑलिंपिक सुवर्णपदकांच्या मानकऱ्याला, म्हणजे आम्हाला, एकदा विचारायला हवे होते. आम्ही सांगितले असते, बाबांनो, दहा कशाला कापता? दोनच कापा, पण शेवटची कापा. शेवटची दोन मिनिटे वगळली तर भारतीय बचावफळी कोणाच्या बापाला ऐकत नाही. पण कात्री चालली ती भलतीकडेच, आणि आमची ती दोन मिनिटे जिथल्या तिथे राहिली.

या दोन मिनिटांत भारतीय संघाच्या अंगात जो दानशूरपणा संचारतो त्याचा इतिहास जुना आहे. मोठ्या देणग्यांचीच नोंद करतो, किरकोळ रकमा दानपेटीत गेल्या असे समजा.

२०००, सिडनी. पोलंडविरुद्ध आपण १-० ने पुढे. जिंकलो की ऑलिंपिकची उपांत्य फेरी. खडकीचा धनराज पिल्ले संघात, सगळा देश टीव्हीपुढे. दोनेक मिनिटे उरली असताना पोलंडला बरोबरीचा गोल बहाल करण्यात आला. २०१४, हेगचा विश्वचषक. बेल्जियमने विजयी गोल केला तेव्हा घड्याळात पंधरा सेकंद होते. पुढच्याच सामन्यात इंग्लंडलाही शेवटच्या दोन मिनिटांत तीच वागणूक मिळाली. आपल्याकडे पंक्तिप्रपंच नाही. २०१६, रिओ. जर्मनीशी १-१, आणि तीन सेकंद बाकी. तीन सेकंदांत माणसाची नीट शिंकही पुरी होत नाही. जर्मनीचा गोल झाला. २०१८ च्या एप्रिलमध्ये गोल्ड कोस्टला पाकिस्तानला अखेरच्या काही सेकंदांत बरोबरी दिली. शेजारधर्म म्हणून तेही सोडून देऊ.

पण त्याच वर्षीचे जकार्ता कसे सोडणार? आशियाई स्पर्धेच्या साखळीत आपण ७६ गोल केले होते. हाँगकाँगला २६, श्रीलंकेला २०, इंडोनेशियाला १७. गोल मोजणाऱ्याचा हात दुखला असेल. मग उपांत्य फेरीत मलेशियाविरुद्ध २-१ अशी आघाडी एखादे मिनिट सांभाळायची होती. एकोणसाठाव्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नर, बरोबरी, शूटआउट, ६-७, अंतिम फेरी हुकली. ७६ गोलांच्या राशीवर बसलेल्या संघाला ७७ वा गोल नको होता. फक्त एक गोल होऊ द्यायचा नव्हता. पण हा खेळ आम्हाला कोणी शिकवलेलाच नाही.

शेवटच्या तीन मिनिटांत नेमके काय घडते, ते सावकाश पाहण्यासारखे आहे. एका गोलाची आघाडी असली की डच खेळाडू काय करतो? चेंडू घेऊन समोरच्यांच्या कोपऱ्यात जातो आणि तिथे बिऱ्हाड थाटतो. अंग मध्ये घालून उभा राहतो, जमले तर चेंडू हळूच दुसऱ्याच्या पायावर मारून फ्री हिट मिळवतो, ती घ्यायलाही सवड काढतो. बघायला अत्यंत कंटाळवाणे. प्रेक्षक जांभया देतात, हूटर वाजतो, डच जिंकतात.

आपल्या मध्यफळीतल्या गड्याला असला कंटाळा मान्य नाही. आघाडी एका गोलाची, वेळ तीन मिनिटे, आणि नेमक्या त्याच क्षणी त्याला आपल्या मनगटांची आठवण होते. पहिल्याला चकवतो. टाळ्या. दुसऱ्याला चकवतो. समालोचकाचा आवाज चढतो. तिसरा चेंडू काढून घेतो. आता पाच भारतीय पुढे राहिलेले असतात आणि त्यांना परत यायचे असते. पण परत येणे म्हणजे उलट दिशेने, चेंडूशिवाय, कोणाचेही लक्ष नसताना, फुप्फुसे फाटेपर्यंत धावणे. सोसायटीच्या जिन्यातला दिवा गेला की चार मजल्यांवरची सगळी घरे जशी एकमेकांवर भरवसा ठेवून महिनाभर अंधारातून चढत राहतात, तसे त्या क्षणी प्रत्येकाला वाटते की मागे कोणीतरी असेलच. मागे जो असतो त्याच्या वाट्याला तीन येतात. तो वाकतो, चेंडू त्याच्या बुटाला लागतो, पंच हात करतो: पेनल्टी कॉर्नर.

इथून पुढे मात्र शौर्याला तोटा नाही. गोलरक्षक धरून पाच जण गोलरेषेमागे जातात, तोंडाला मुखवटे बांधतात, आणि चेंडू आत आला की पहिला धावपटू थेट ड्रॅगफ्लिकच्या तोंडावर धावत सुटतो. शंभर किलोमीटरच्या वेगाने येणारा चेंडू गुडघ्यावर, मांडीवर, आणखी नको तिथे घ्यायचा, हे त्याचे काम. चाळीस मीटर मागे एकाने जो आळस केला, तो फेडायला इथे दुसरा जीव द्यायला निघालेला असतो. तोक्यो ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात बेल्जियमला असे चौदा पेनल्टी कॉर्नर मिळाले. त्यातले काही आपण अडवलेही. पण हेंड्रिक्स नावाच्या गृहस्थाला इतक्या वेळा घरात घेतल्यावर त्याने तीनदा काहीतरी उचलून नेले, तर त्यात त्याचा दोष तो काय? ५-२.

आता बचावाकडे आपले पिढीजात दुर्लक्ष आहे असे कोणी म्हणेल, तर ते मात्र साफ खोटे. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताने २९ गोल केले आणि स्वीकारले शून्य. त्या २९ पैकी १४ ध्यानचंद यांचे. त्यांचा जन्मदिवस आपण राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून पाळतो, आणि पाळावाच. पण उरलेल्या शून्याचे काय? ते शून्य रिचर्ड ॲलन नावाच्या गोलरक्षकाचे होते. १९३६ च्या बर्लिनपर्यंत तीन ऑलिंपिक तो त्या जाळ्यापुढे उभा होता, आणि बर्लिनच्या अख्ख्या स्पर्धेत भारतावर जो एकमेव गोल झाला तो अंतिम सामन्यात, आपण ८-१ ने जिंकत असताना. या ॲलनचा जन्म नागपूरचा. नागपूरकरांनी रागावू नये, पण संत्रा बर्फीच्या खोक्यावर तरी त्याचे चित्र छापायला हरकत नव्हती.

१९३२ च्या लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकेला आपण २४-१ ने हरवले. त्यातला तो एक गोल झाला तेव्हा ॲलन जाळ्यामागे जाऊन चाहत्यांना सह्या देत होता, असा किस्सा सांगतात. खराखोटा देव जाणे. पण खरा असेल तर भारतीय बचावफळीतल्या ढिलाईचा तो आद्य नमुना म्हणायला हवा, आणि किती ऐटदार! आपण २४ गोल मारू लागलो की जरूर सह्या द्याव्यात. अडचण अशी झाली की २४ गोल गेले, सह्या राहिल्या.

गोल कोणी मारला हे आपण विसरत नाही. गोल कोणी खाल्ला हेही विसरत नाही, आणि तिथे आपल्याला एकच माणूस दिसतो. १९८२ साली दिल्लीत आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पहिला गोल आपण केला, पुढचे सात पाकिस्तानने. मैदानात अकरा जण होते, त्यांतल्या दहांना ओलांडून तो चेंडू सात वेळा आला, आणि देशाने संशय घेतला तो मीररंजन नेगी या शेवटच्या एकट्यावर. या विषयावर मला विनोद सुचत नाही. हाच नेगी १९९८ ला बँकॉकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या संघाच्या गोलरक्षकांचा प्रशिक्षक होता, एवढे सांगून पुढे जातो.

नंतर केरळातून श्रीजेश आला आणि बचावाचा विषयच मिटला. म्हणजे असे आम्हाला वाटले. सगळी व्यूहरचना एका माणसाच्या पायातल्या पॅडांवर सोपवता येते, हा शोध आपण लावला. तोक्योत कांस्यपदकाच्या सामन्यात जर्मनीविरुद्ध ५-४, सहा सेकंद बाकी, आणि रिवाजाप्रमाणे आपण पेनल्टी कॉर्नर दिलेला. श्रीजेशने तो अडवला. त्यानंतर तो गोलपोस्टवर चढून बसला. एवढ्या वर्षांत आजूबाजूला बसायला दुसरी सुरक्षित जागा त्याला दिसली नसावी. पॅरिस ऑलिंपिकनंतर तो निवृत्त झाला तेव्हा हॉकी इंडियाने त्याची १६ क्रमांकाची जर्सीही निवृत्त केली. रोग राहिला, औषध निवृत्त झाले.

मग २०२५ चा जून उजाडला. प्रो लीगच्या युरोप दौऱ्यात आपण ओळीने सात सामने हरलो. पहिल्याच सामन्यात नेदरलँड्सचा निर्णायक गोल अठ्ठावन्नाव्या मिनिटाला आला, म्हणजे परंपरा नीट चालू होती. सातांपैकी सहा सामने एकेका गोलाने गेले. बेरीज केली तर आपण १४ गोल केले आणि २३ घेतले. हॉकीत १४ गोल करूनही सातच्या सात सामने हरायला वेगळी प्रतिभा लागते. सप्टेंबरात राजगीरला आशिया चषक जिंकला, तेव्हा हे सगळे विसरायचे ठरले. पण तिथेही पहिल्या सामन्यात चीनवर ३-१ अशी आघाडी घेऊन आपण ती ३-३ वर आणली होती. मग हरमनप्रीतने गोल केला आणि ४-३ ने सुटलो. वर्तमानपत्रांत बातमी आली ती हरमनप्रीतच्या हॅटट्रिकची.

सामना संपल्यावर मात्र आपला बचाव अभेद्य असतो. पहिल्या फळीत पंच, दुसऱ्या फळीत नशीब, तिसऱ्या फळीत 'संघ तरुण आहे, शिकतो आहे'. या तिन्हींना चकवून कोणी पत्रकार डीमध्ये आलाच, तर त्याच्या पुढ्यात परदेशी प्रशिक्षक टाकला जातो. स्पेनचा ब्रासा, ऑस्ट्रेलियाचे नॉब्स आणि वॉल्श, नेदरलँड्सचे व्हॅन अ‍ॅस, ओल्टमन्स आणि मरीन, पुन्हा ऑस्ट्रेलियाचा रीड. २०२३ च्या विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्ध ३-१ वरून ३-३ होऊन शूटआउटमध्ये हरलो आणि रीड यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी दक्षिण आफ्रिकेचे फुल्टन आले. जिंकायचे तर आधी बचाव करा, हे त्यांचे सूत्र. सूत्र बरोबर आहे. पहिली अठ्ठावन्न मिनिटे ते पाळलेही जाते.

तरीही उपाय आहे, आणि तो आपणच जगाला दाखवला आहे. पॅरिस, ४ ऑगस्ट २०२४, ग्रेट ब्रिटनविरुद्ध उपांत्यपूर्व सामना. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड. उरलेली त्रेचाळीस मिनिटे भारत दहा जणांनिशी खेळला. त्या त्रेचाळीस मिनिटांत आपल्यावर झाला एकच गोल, तोही मध्यंतराआधी. शेवटची दोन मिनिटे आली, गेली, काहीच झाले नाही. शूटआउटमध्ये ४-२ ने जिंकलो. पुढच्या सामन्यात पुन्हा अकरा जण उतरवले, आणि जर्मनीने तीन गोल केले, निर्णायक गोल चोपन्नाव्या मिनिटाला.

हिशेब स्वच्छ आहे. दहा असले की प्रत्येकाला कळते, आपल्यामागे कोणी नाही. मग पुढचाही मागे येतो, मधलाही येतो, मनगटे खिशात जातात. अकरावा आला की पुन्हा प्रत्येकाला वाटते, तो आहे ना. तेव्हा यापुढे भारताने दहा जणांनिशीच खेळावे, असा प्रस्ताव मी आमच्या संध्याकाळच्या कट्ट्यावर मांडला. तो एकमताने मंजूर झाला. मतभेद झाले ते बाहेर कोणाला बसवायचे यावर. आघाडीच्या माणसाला हात लावायचा नाही, गोल कोण करणार? बचावपटू काढायचा तर आहेत तेच पुरत नाहीत. शेवटी असे ठरले की अकरावा माणूस संघटनेच्या पदाधिकाऱ्यांतून घ्यावा. त्याने राष्ट्रगीताला उभे राहायचे, फोटोत मधोमध यायचे आणि सतराव्या मिनिटाला लाल कार्ड घेऊन बाहेर जायचे. पहिल्या दोन कामांचा दांडगा अनुभव असलेले उमेदवार पुष्कळ निघाले. घोडे अडले ते तिसऱ्यावर: कार्ड दाखवले तरी तो बाहेर जाईल, याची हमी घ्यायला कोणीच तयार होईना.