तीन सूत

भाईने गाडी दोन इंच उचलली, आणि तेव्हापासून त्याला जगात सरळ असे काही दिसेनासे झाले. समोरून कोणी चालत आला की भाई आधी त्याच्या पायांकडे बघतो आणि हळूच म्हणतो, "ह्येचो टो-आउट आसा." माणसाला नावे ठेवायला मालवणीत शब्द कमी आहेत असे कोणी म्हणणार नाही, तरी भाईने त्यात आणखी तीन घातले. टो, कॅम्बर आणि कॅस्टर.

तसा माणूस साधा. तारकर्लीच्या रस्त्याला घर, मागे माड, पुढे पर्यटकांसाठी चार खोल्या. दारात इसुझूची व्ही-क्रॉस, २०१६ साली भारतात आली तेव्हाची, जवळजवळ ५.३ मीटर लांब. मालवणच्या बाजारात ती शिरली की समोरची रिक्षा, मागची स्कूटर आणि मधली कोलंबीची पाटी यांना एकदम निर्णय घ्यावा लागतो. वाहायचे काय, तर नारळ, सिलिंडर आणि पाहुण्यांच्या बॅगा. पण भाईने रात्री जागून ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटाचे व्हिडिओ बघितले, आणि देवबागला जायलाही गाडी उंच हवी हे त्याला पटले. "पावसात उपयोग होता," हे कारण वहिनीसाठी.

स्प्रिंगा बदलून गाडी दोन इंच वर घेतली, आणि मूळचे २४५/७० चे टायर काढून २६५/७५ चे घातले. चाकाचा व्यास ७४९ मिलिमीटरचा ८०४ झाला. त्यातली उंची निम्मीच मिळते, कारण उरलेली आसाच्या वर जाते. पण भाई सगळे ५५ मिलिमीटर सांगतो. चाक मोठे झाले, काट्याला ते कोणी कळवले नाही. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६४ ने पळत असते आणि अंतरही कमी भरते. कुडाळ जवळ आले, असे भाई आठवडाभर सांगत होता.

मग गाडीने रंग दाखवला. वळणावर फिरवलेले स्टेअरिंग आपणहून परत येईना. हायवेवर गाडी देवळातून सुटलेल्या बैलासारखी या कडेहून त्या कडेला. दोन महिन्यांत पुढच्या टायरांवर हात फिरवला तर एकीकडून गुळगुळीत आणि उलट फिरवला की करवत. गाडी टायर खात होती, आणि त्या टायरांची किंमत भाईने वहिनीला अर्धीच सांगितलेली.

आबांनी, म्हणजे भाईच्या वडिलांनी, उभ्या जन्मात होड्या बांधल्या. त्यांनी खळ्यात गाडीभोवती एक फेरी मारली. "फेंगडी झाली हा रे तुझी गाडी. तंगूस हाड." मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोन्ही बाजूंनी मासेमारीचा तंगूस ताणला, रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेशी फूटपट्टी लावली, आणि निकाल दिला: तीन सूत बाहेर. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; आबांच्या जगात याहून लहान काही नाही. टाय रॉडचा नट सैल करायचा ठरला. उजवा खाऱ्या वाऱ्याने गंजून बसलेला, म्हणून सगळी दुरुस्ती एकट्या डाव्याकडून झाली. चाके सुतात आली. स्टेअरिंग मात्र सरळ रस्त्यावरही तिरके राहिले. आबांनी हात झटकले. "होडयेक सुकाणू मागसून असता. ह्येका पुढसून. थयच चुकला."

कुडाळच्या अलाइनमेंट सेंटरात पोराने चारी चाकांना चिमटे लावले आणि पडदा लालेलाल झाला. मग त्याने भाईला शहाणे केले. गाडी वर गेली की पुढचे आर्म कललेले राहतात आणि तिन्ही कोन एकमेकांना ओढत सुटतात. म्हणून आधी कॅस्टर लावायचा, मग कॅम्बर, टो सगळ्यात शेवटी. आबांनी शेवटचे काम पहिले केले होते. कंपनीने दिलेली होती तेवढी जुळणी त्याने शेवटपर्यंत फिरवून बघितली. "भाई, कॅस्टर ह्येच्या फुडे जाणा नाय. वरचे आर्म बदलूक व्हये."

त्या दिवसापासून भाई ज्याला त्याला कॅस्टर समजावतो. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो ना, हात सोडले तरी ती सरळ जाते ना, तोच कॅस्टर. कॅम्बर म्हणजे ढोपरांतला फेंगडेपणा, टो म्हणजे पायांचे अंगठे आत की बाहेर. हे तो उभा राहून, ढोपरे फाकवून करून दाखवतो. एका बारशात त्याने ते केले, तेव्हा यजमानांना वाटले भाईला पाठीचा झटका आला. वहिनीचे म्हणणे वेगळेच: "कपाटाचो दरवाजो वर्षभर वाकडो आसा, तो ह्येंका दिसणा नाय."

पुन्हा आमच्या रस्त्यांचा दोष वेगळा. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मधोमध उंच आणि कडेला उतरता असतो. आपण डावीकडून चालवतो, म्हणून धडधाकट गाडीही किंचित डावीकडे ओढते. खोट गाडीची की रस्त्याची, हे ठरवायला भाई चौक्याच्या रस्त्यावर चक्क उजवीकडून गेला. समोरून एसटी. कंडक्टरने पायरीवर येऊन जे काही सांगितले त्यात कॅस्टरचा उल्लेख नव्हता.

एवढा धीट माणूस, पण ओरोसवरून जाताना मात्र सीटवर खाली सरकतो. आरटीओचे कार्यालय तिथे, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत असले फेरफार करू देत नाही. भाई खाली सरकला की गाडीही दोन इंच खाली जात असावी.

शेवटी आर्म आले, बसले, आणि पडदा हिरवा झाला. स्प्रिंगा बसल्यावर, काहीशे किलोमीटरनंतर, परत दाखवा असे पोराने बजावले. तेही भाईने केले. मोजमापाचा कागद लॅमिनेट करून देवघराशेजारी लावलाय. आबांनी तो वाचला आणि विचारले, "सुतात किती?"

गाडी आता खरोखर सरळ जाते. पण भाईचा अजून विश्वास बसत नाही. तेव्हा मालवणात येताना चौक्याच्या आसपास एखादी उंच गाडी समोरून आली आणि चालवणाऱ्याचे दोन्ही हात खिडकीबाहेर दिसले, तर हॉर्न वाजवू नका. आपली गाडी मुकाट बाजूला घ्या. भाई कॅस्टर बघतोय.