बर्फात गरी

मासे कसे धरतात, हे अकोल्याच्या माणसाला कुणी शिकवू नये. महानला काटेपूर्णेच्या धरणावर जायचं, सावली शोधायची, पाण्यात गरी टाकायची आणि दिवसभर दुसरं काहीही करायचं नाही. उन्हं कलली की जाळंवाल्याकडून किलोभर मरळ विकत घ्यायची आणि घरी येऊन ‘धरली’ म्हणून सांगायचं. बायकोचा माझ्या या कर्तबगारीवर तीस वर्षांत एकदाही विश्वास बसला नाही. मी धरलेली मरळ दर वेळी खवले काढून, तुकडे होऊनच पिशवीत यायची. बायको मोर्शीची, गळ्यात माळ. माहेर अप्पर वर्धाच्या काठावर, पण माशाचा वाससुद्धा तिने पदर नाकाला लावूनच घेतला.

तर 2024 च्या मार्चमध्ये ओस्लोहून पोराचा फोन आला. “बाबा, ईस्टरला या. बर्फावर मासे धराले जाऊ.”

ईस्टर म्हणजे रंगवलेली अंडी, एवढीच माझी माहिती. पोराने सांगितलं की हा सणही आपल्यासारखाच चंद्र बघून येतो. 21 मार्चला किंवा त्यानंतर पौर्णिमा झाली की पुढचा रविवार. त्या वर्षी ती पौर्णिमा नेमकी होळीची निघाली. म्हणजे होळी अकोल्यात पेटवली, धुळवडीचा रंग कानात तसाच राहिला, आणि गुरुवारी आम्ही ओस्लोहून बर्गनच्या गाडीत. गुरुवार ते सोमवार अख्ख्या देशाला सुट्टी, शनिवारचे काही तास सोडले तर दुकानं बंद. जो तो पाठीवर पिशवी बांधून डोंगरातल्या आपल्या लाकडी खोपटाकडे निघालेला. आपल्याकडे लोक बर्फापासून पळतात असं नाही, आपल्याकडे बर्फच नाही. पण ज्यांच्या दारात सहा महिने बर्फ पडतो तेही सुट्टीत आणखी बर्फाकडे जातात, हे मला आजवर उलगडलेलं नाही.

गाडीत बघतो तर सगळ्यांच्या हातात डिटेक्टिव्ह कादंबऱ्या. हाही ईस्टरचाच कुळाचार. 1923 साली एका प्रकाशकाने पेपरच्या पहिल्या पानावर जाहिरात दिली, ‘बर्गनची गाडी रात्री लुटली’. ते कादंबरीचं नाव होतं. लोकांना बातमी वाटली आणि गाडीतल्या नातेवाइकांसाठी जीव टांगणीला लागला. कादंबरी तडाखेबंद खपली, आणि तेव्हापासून येशूच्या पुनरुत्थानाला खुनाची गोष्ट वाचायची पद्धत पडली. दुधाच्या खोक्यावरसुद्धा रहस्यकथा छापतात. आपले बाबूराव अर्नाळकर तिथे जन्मले असते तर पंचांगात गेले असते. मी मात्र, आपण बसलोय ती गाडी तीच आहे हे कळल्यावर, पिशवी मांडीवर घेतली.

उतरायचं स्टेशन लिहितात ‘ग’ने आणि म्हणतात ‘येइलू’. फलाटावर पोराचा मित्र, म्हणजे आमचे यजमान, दोन्ही हात पसरून ओरडले, “गू पोस्के!”

बायको जागच्या जागी थांबली. “काय म्हणते हा?”

“हॅपी ईस्टर म्हणते आई.”

“मंग असं काहून म्हणते?”

पुढचे चार दिवस भेटेल तो माणूस आम्हाला हेच म्हणत होता आणि बायको “तुमालेबी” म्हणत होती. खोपटात नळ नाही, वीज नाही, आणि संडास बाहेर, बर्फातून पन्नास पावलांवर. पहिल्याच पहाटे मला त्या शुभेच्छेचा अर्थ शब्दशः पटला. आत मात्र सगळं पिवळं: मेणबत्त्या पिवळ्या, रुमाल पिवळे, टेबलावर कापसाची पिवळी पिल्लं. हळदीच्या घरात आल्यासारखं वाटलं.

शनिवारी तळ्यावर गेलो. तळं म्हणजे पांढरं मैदान. यजमानांनी फोनवर मासेमारीचा परवाना काढला, मग हाताने फिरवायच्या गिरमिटाने दोन फूट बर्फात भोक पाडलं. बोअरवेल मारताना आमच्या अंगणात गर्दी जमते तशी मी एकट्यानेच गर्दी केली. पाणी लागलं. झाऱ्याने वरचा चुरा काढायचा, वीतभर काठीची दोरी सोडायची आणि रेनडिअरच्या कातड्यावर बसायचं. पुढे? पुढे काहीच नाही. इथवर आल्यावर मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. महानच होतं ते, फक्त पन्नास अंशांनी कमी. मी नजरेने जाळंवाला शोधला. नव्हता. इथेच माझं शास्त्र संपलं.

अकराच्या सुमाराला यजमानांनी पिशवीतून अत्यंत आदराने संत्री काढली. बर्फात बसून संत्रं खाणं हा इथला ईस्टरचा प्रसाद. बायकोने हातात घेतलं, दाबलं, वास घेतला, आणि नख लावलं. साल सुटेना. चाकू मागावा लागला.

“हे संत्रं नोहोय,” मोर्शीची लेक म्हणाली. “मोसंबी हाय.”

आणि खरं आहे ते. आपलं नागपुरी संत्रं वेगळ्या जातीचं, सैल सालीचं. स्पेनहून तिथे येतं ते गोड, घट्ट सालीचं फळ शास्त्राप्रमाणे आपल्या मोसंबीच्याच जातीचं. वरूड-मोर्शीत या दिवसांत मृग बहाराचे ढीग लागलेले असतात, भाव नाही म्हणून शेतकरी डोक्याला हात लावून बसलेला असतो, आणि इथे एक अख्खा देश मोसंबीला संत्रं समजून सण साजरा करतो. बायकोने हे यजमानांना वऱ्हाडीत समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि तिला आणखी एक दिलं.

हात रिकामा व्हावा म्हणून त्यांनी आपली काठी तिच्याकडे धरायला दिली. तिने ती उदबत्ती धरावी तशी धरली. दोन मिनिटांत काठी वाकली. “अवो, हे ओढून राह्यलं कोनी!” बर्फावर येऊन पडला तो ‘चार’ नावाचा वीतभर मासा, पोटाशी नारिंगी, तडफडणारा. आयुष्यभर नाकाला पदर लावलेल्या बाईने पहिल्या खेपेला मासा धरला, आणि तीस वर्षं गरी टाकणाऱ्याच्या दोरीला शेवटपर्यंत शेवाळही लागलं नाही.

“सोडा त्याले,” ती म्हणाली. यजमान गंभीर झाले. धरला तो खायचा. नुसती गंमत म्हणून धरून सोडायचा म्हणजे त्याला छळणं, असं त्यांचं मत. त्यावर माळकरी बाईलाही उत्तर सुचलं नाही.

संध्याकाळी आरशात बघितलं तर मी लालबुंद. अकोल्याच्या उन्हात साठ उन्हाळे काढून जे झालं नाही ते बर्फावरून उलटलेल्या उन्हाने एका दिवसात केलं. बायकोने भाजलेल्या बटाट्यावर भागवलं. मासा लोण्यात तळून माझ्या ताटात आला आणि वर काहीतरी हिरवं भुरभुरलेलं होतं. कोथिंबीर समजून मोठा घास घेतला. ती शेपू होती.

मासा चांगला होता. शेपू मात्र नॉर्वेतही शेपूच लागते.