बेटवाले काका

गुप्तधनाची पक्की खबर असलेला एक माणूस वऱ्हाडातल्या प्रत्येक गावात सापडतो. गढी असलेल्या गावात दोन. त्यांच्या धनाचे पत्तेही ठरलेले असतात. गढीचा ईशान्येकडचा बुरूज, पडक्या विहिरीतली तिसरी पायरी, नाहीतर पांदणीतलं ते वाकडं चिंचेचं झाड. पेंढारी आले तेव्हा कुण्या सावकारानं सात रांजण पुरले, वर नाग बसवला आणि स्वतः निपुत्रिक मेला. हा सावकार दर गावात निपुत्रिकच मरतो. पोरं असती तर त्यांनी रांजण तेव्हाच उपसले नसते का, असा त्यामागं रोकडा हिशोब आहे.

आसेगावचे बेटवाले काका याच जातकुळीतले. फरक एवढाच की त्यांचं धन गावात नाही, समुद्रातल्या एका बेटावर आहे. काकांनी आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे लोणारचं तळं. तरी मंगरूळपीर तालुक्यात बसून थेट बेटावरच्या धनावर हक्क सांगण्यात एक शहाणपण आहे. गढीतलं धन शेजारी रात्रीतून उकरून नेऊ शकतो. बेटावर जायला बोट लागते आणि आसेगावात बोट कोणाकडंच नाही.

पुरावा मागितलात तर काका तो लगेच काढतात. बंडीच्या आतल्या खिशातून बँकेच्या पासबुकाचं प्लॅस्टिकचं पाकीट निघतं, पाकिटातून घडीचं कॅलेंडरचं पान आणि त्या पानातून एक नोट. मलायावर जपानचा अंमल होता तेव्हा जपान्यांनी छापलेली दहा डॉलरची नोट. पुढच्या बाजूला केळीचं झाड आणि फळं, मागं समुद्रात जहाज. वर इंग्रजीत लिहिलंय की जपान सरकार धारकाला मागताक्षणी दहा डॉलर देण्याचं वचन देत आहे. काकांचे थोरले चुलते फौजेत होते. १९४५ साली जपान शरण गेल्यावर हिंदी पलटणी मलायात उतरल्या, त्यांत तेही होते. घरी परतले तेव्हा त्यांच्याजवळ पत्र्याची ट्रंक, एक घोंगडं आणि ही नोट होती. त्या नोटांना तोवर रद्दीचाही भाव उरला नव्हता, म्हणून शिपायांनी आठवण म्हणून खिशात घातल्या. चुलते जन्मभर फार बोलले नाहीत. एकदा केव्हातरी म्हणाले, "तिकडं लय सोनं गाडलं म्हणत." बस. पुढचं सगळं काकांनी बसवलं.

नोट दाखवताना काका ती हातात देत नाहीत. स्वतः धरतात आणि करंगळीनं फिरवून आणतात. "हे झाड पाह्य. आता नोटेवर राजाचं तोंड सोडून कोणी केळीचं झाड काहून काढीन? निशाणी हाय ते. अन् हे मागं जहाज. म्हंजे जहाजानं आलं, केळीखाली गाडलं." मग ते कोपऱ्यातल्या दोन इंग्रजी अक्षरांवर करंगळी थांबवतात. अक्षरं आहेत एम आणि पी. एम म्हणजे मलाया, पी हा छपाईचा संच, हे त्यांना अनेकांनी समजावलं. काका हसतात. "एम पी म्हंजे काय ते इथल्या लहान पोरालेही समजते. मंगरूळपीर! ज्याले पोचवायचं होतं त्याचा पत्ता टाकेल हाय."

यावर काय बोलणार? हायस्कूलच्या एका गुरुजींनी भूगोलाचं पुस्तक आणून मलाया दाखवलं. काकांनी पुस्तक नीट पाहिलं, पानभर वाचलं आणि म्हणाले, "बरोबर. पण पुस्तकवाल्याजोळ नोट नाई ना."

काकांच्या सांगण्याला एक रीत आहे. आधी ते चहाच्या हॉटेलात भिंतीला पाठ लागेल अशी जागा धरतात. मग "आता तुले म्हून सांगतो" असं म्हणतात. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहून घेतात. "कोणाजोळ बोलू नको, बरं" हे वाक्य मात्र इतक्या मोठ्यानं येतं की समोर एसटीची वाट पाहणाऱ्या बायाही मान डोलवतात. चहा समोरच्यानं सांगायचा. पैसे द्यायची वेळ आली की काका उदार होतात. "मांडून ठेव. बेटाच्या हिशोबात धरू." हॉटेलवाल्यानं खरोखरच तशी वही घातली आहे. वहीवर कोणी तरी पेनानं "बेट खाते" असं लिहिलंय.

बेट कुठलं, हे ऋतुमानाप्रमाणे बदलतं. सुरुवातीला ते अंदमानात होतं, कारण १९४२ च्या मार्चपासून लढाई संपेपर्यंत तिथं जपानी होतेच आणि सावरकरांमुळे ते नाव गावाच्या तोंडी बसलेलं. पुढं वाचनालयातल्या कुठल्याशा दिवाळी अंकात जनरल यामाशिताची गोष्ट निघाली आणि बेट रातोरात फिलिपिन्सला हललं. सिंगापूर जिंकणारा यामाशिता शेवटी फिलिपिन्सात लढला, तिथंच शरण गेला आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये फासावर चढला. त्यानं आशियाभरची लूट तिथल्या भुयारांत पुरली अशी आवई उठली ती अजून बसलेली नाही. इतिहासकारांना तिचा पुरावा मिळाला नाही, पण खोदणाऱ्यांना त्याची गरजही वाटली नाही. रोजेलिओ रोहास नावाच्या कुलूपवाल्यानं १९७१ साली सोन्याची बुद्धमूर्ती मिळाल्याचं सांगितलं. ती राष्ट्राध्यक्ष मार्कोसच्या माणसांनी हिसकावून नेली, असं त्याचं म्हणणं होतं, आणि तो खटला हवाईच्या न्यायालयापर्यंत गेला. रोहासबद्दल काकांना घरच्या माणसाएवढी कणव आहे. "कुलूपवाला होता बिच्चारा, अन् त्यालेच कुलूप लावता नाई आलं."

पण काकांचा खरा दोस्त ऑगस्ट गिसलर. हा जर्मन माणूस १८८९ ते १९०८ प्रशांत महासागरातल्या कोकोस बेटावर राहिला, लिमाच्या खजिन्यासाठी. १८२० साली पेरूत स्वातंत्र्ययुद्धाची धामधूम होती. शहरातलं सोनंनाणं सुरक्षित ठेवायला एका जहाजावर चढवलं आणि कप्तानानं ते पळवून बेटावर पुरलं, अशी ती कथा. कोस्टारिका सरकारनं गिसलरला बेटाचा गव्हर्नरही केलं. एवढी वर्षं खोदून त्याला मिळाली मूठभर नाणी. ही गोष्ट आपण फजितीची म्हणून सांगतो. काका मात्र ती मान ताठ करून सांगतात. "गव्हर्नर झाला ना पण! नाई सापडलं तरी गव्हर्नर. सापडलं असतं तं काय झालं असतं, सांग तूच."

घराजवळचा इतिहासही काका वाऱ्यावर सोडत नाहीत. १६७० साली शिवाजी महाराजांच्या फौजेनं कारंजा लुटलं, तेव्हा चार हजार बैल आणि गाढवं लादून माल नेला. काकांचा सवाल असा की चार हजारांतलं एखादं तरी गाढव वाट चुकलंच असेल. ते कुठं गेलं? कारंजाहून सुटलेलं गाढव आसेगावकडं यायला काहीच हरकत नव्हती, हे सिद्ध करण्यात त्यांचा एक अख्खा उन्हाळा गेला.

निजामाच्या पैशाचंही तसंच. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा हैदराबादेत शिरल्या त्याच सुमारास निजामाच्या खात्यातले दहा लाख पौंड लंडनच्या बँकेत पाकिस्तानच्या उच्चायुक्ताच्या नावावर गेले. भांडण लागलं आणि पैसा अडकून पडला. २०१९ च्या ऑक्टोबरात तिथल्या न्यायालयानं निकाल दिला तोवर त्या दहा लाखांचे साडेतीन कोटी पौंड झाले होते. निकाल भारताच्या आणि निजामाच्या वारसांच्या बाजूनं लागला. त्या दिवशी काकांना आवरणं कठीण गेलं. "धन पडल्या जागी वाढते म्हणत होतो का नाई म्या?" आणि दुसरं म्हणजे वाट्याची बाब. वऱ्हाड १९०२ पासून इंग्रजांकडं कायमच्या पट्ट्यानं होतं आणि त्याचे वर्षाला पंचवीस लाख रुपये निजामाला जात. म्हणजे त्या लंडनच्या पैशात वऱ्हाडच्या कापसाचा पैसा आला. वऱ्हाडात आसेगाव आलं. काकांनी आसेगावचा हिस्सा काढून कागद तहसीलला नेला. तिथल्या बाबूनं तो आवक-जावकमध्ये नोंदवून घेतला, याचं काकांना फार समाधान आहे.

एका गोष्टीवरून मात्र काकांची झोप उडते. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला. पोटात दारूगोळा, कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा. विटा उडाल्या त्या गावभर. एक वीट एका पारशी गृहस्थाच्या घरात येऊन पडली आणि त्यानं ती सरकारजमा केली. शेकडो माणसं गेली, गोदामं जळाली, हे काका हळू आवाजात सांगतात. पण पारशाच्या विटेपाशी येताच त्यांचा आवाज चढतो. "आपण इथं नोट धरून बसलो जन्मभर, अन् त्याच्या घरी वीट सोताहून आली. छपरातून! अन् त्यानं वापस केली!" थोडा वेळ थांबून ते म्हणतात, "देवमाणूस होता." आणि आणखी थोडा वेळ थांबून, "म्या केली असती का, सांगता येत नाई."

काकांच्या वेडाला एक सोवळेपण आहे, ते इथं सांगायलाच हवं. मागं कुणी एक मांत्रिक गावात आला होता. काळी कोंबडी, लिंबं, अंजन आणि पायाळू पोरगं पाहिजे, अशी त्याची यादी. काकांनी त्याला भरचौकात धुतलं. "जपान्यानं गाडेल धन हाय. त्याले तुही कोंबडी काय समजीन? चाल, निघ!" पोराचं नाव निघालं तेव्हा तर त्यांनी पायातली वहाण हातात घेतली. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा गावात बहुतेकांना काकांच्या तोंडूनच कळला. निखात निधीचा १८७८ चा कायदाही त्यांना पाठ आहे. दहा रुपयांवर किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. कुणाचा हक्क निघाला नाही आणि आधी काही ठरलेलं नसलं, तर सापडवणाऱ्याला बारा आणे, जमीनमालकाला चार आणे. "इंग्रज गेला, पण हिशोब बरोबर ठेवून गेला."

इतकं सगळं माहीत असून काकांनी आजवर एक कुदळ मारलेली नाही. गावातल्या टारगट पोरांनी एकदा परीक्षा पाहिली. तलावात पाणी आटलं की मधलं टेकाड उघडं पडतं, त्यावर कुणीतरी लावलेलं केळीचं एक खुंट होतं. पोरं म्हणाली, काका, बेट हाय, केळ हाय, जेसीबी सांगतो. काका गडबडले. आधी म्हणाले पाऊस येणार. मग म्हणाले पेरणीचे दिवस. मग कलेक्टरला कळवायला पाहिजे. शेवटी पोरांना बाजूला घेऊन म्हणाले, "अरे, खोदलं अन् नाई निघालं तं?" यावर पोरांनीच माघार घेतली आणि वर काकांना चहा पाजला. तो चहा बेट खात्यात मांडला नाही.

काकू या सगळ्यापासून चार हात दूर. "अवो, बेटाहून येताना तेल आणजा" एवढंच त्यांचं भाष्य. पण ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आली. पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्याचं टीव्हीवर ऐकून काकू गप्प बसल्या. सकाळी त्यांनी ज्वारीची कोठी रिकामी करायला घेतली. तळाशी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं गाठोडं होतं. म्हशीचं दूध, अंडी, भाऊबीज, निंदणाची मजुरी, सगळं पाचशेच्या नोटांत. काकांच्या सोयाबीनच्या पट्टीनं तोंड लपवावं एवढी रक्कम.

काका बराच वेळ गाठोड्याकडं पाहत राहिले. "हे कवापासून?"

"तुमचं बेट निंगालं तवापासून."

कुणाही नवऱ्याला राग आला असता. काकांनाही आला, पण वेगळ्या कारणानं. "अन् नकाशा? नकाशा काहून नाई काढला? उद्या तुले काई झालं असतं तं मले कसं सापडलं असतं?" मग तेच बँकेच्या रांगेत दिवसभर उभे राहिले. पुढं आल्यागेल्याला सांगत होते, "गुप्तधन हाय. आमच्याच घरी निघालं. कायदेशीर भरून रायलो."

त्यानंतर काकांनी बेटाचे वाटे नव्यानं पाडले. हॉटेलवाल्याला दोन आणे, चहाच्या उधारीपोटी. शिंप्याला दीड आणा, पोरीच्या लग्नासाठी. गुरुजींना एक आणा, मलाया दाखवल्याबद्दल. शाळेच्या छपराला तीन आणे. ज्या पोरांनी जेसीबी आणतो म्हटलं त्यांना मिळून आणा. वाटे काका वहीच्या मागच्या पानावर लिहितात. परवा कुणीतरी बेरीज केली तर सोळा आण्यांच्या खजिन्यातले बावीस आणे वाटून झाले होते. त्यावर गावात कुणाची तक्रार नाही. फक्त काकूंनी यादी वाचायला लावली, शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं, "यात आपलं घर कोठी हाय?"

"आपलं काय त्यात," काका म्हणाले. "आपली कोठी हाय ना."