मोटार बंद कर, ओव्हर

किनवटकडच्या माणसाला लांबच्याशी बोलायला यंत्र लागत नाही, अशी माझी पुष्कळ वर्षांची समजूत होती. आमचे मामा पैनगंगेच्या अलीकडून चुलत्याला हाक मारतात, तेव्हा पलीकडच्या विदर्भातली चार माणसं आपापली कामं सोडून मान वर करतात. एवढा आवाज घरात असताना यंत्रावर पैसे कोण घालणार? पण या आवाजालाही एक गोष्ट भारी पडते. ती म्हणजे चालू मोटार. तिच्याजवळ बसलेल्या माणसाला मामांची हाकसुद्धा ऐकू जात नाही.

अडचण अशी की मोटार नदीवर, हरभरा वर माळाला आणि मधे पाऊण किलोमीटर पाईप. थ्री फेज लाईन येणार रात्रीची, तीही मनात येईल तेव्हा. वर दांड फुटला किंवा पाईपचा जोड निसटला की खालच्या माणसाला ‘बंद कर’ एवढंच सांगायचं असतं. मोबाईल आहेत, दोघांच्या खिशात आहेत. पण आमच्या शिवारात रेंज फक्त एका मोहाच्या झाडाखाली येते. त्या झाडाखाली उभं राहिलं की पाणी दिसत नाही, आणि पाण्यापाशी गेलं की झाड सुटतं. म्हणून मामांनी बॅटरीच्या खुणा ठरवल्या होत्या. एकदा हलवली तर चालू, दोनदा हलवली तर बंद. शेजारच्या मळ्यावर बसून रानडुकरं हाकणारा माणूस रात्रभर बॅटरी चौफेर फिरवतो, त्यामुळे आमची मोटार बऱ्याचदा त्याच्या मर्जीनं चालायची.

शेवटी नांदेडला शिकणाऱ्या मामेभावानं जाहीर केलं, “वॉकीटॉकी घेऊ.” त्यानं मोबाईलवर फोटोही दाखवला. पाच वॅटचा काळाकभिन्न संच, वर हातभर अँटेना, किंमत पोत्याभर सोयाबीनच्याही आत. मामा खूश झाले. असला संच त्यांनी आजवर फक्त फौजदाराच्या कमरेला पाहिला होता.

तिथं आडवे आले गार्ड काका. काका आमचे शेजारी. आख्खी नोकरी रेल्वेत गेली, मुदखेड-आदिलाबाद मार्गावर हिरवी-लाल झेंडी आणि कमरेला वॉकीटॉकी. २०२२ साली रेल्वेनं गार्डाचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं, ते काकांना अजून मान्य नाही. घरात ते तसेच बोलतात. काकूंनी ‘पान वाढलंय’ म्हटलं की आतून ‘पान वाढलंय, आलो’ असा उलट निरोप येतो, आणि मगच माणूस येतो. त्यांनी फोटो पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाले, “हा घेतलास तर मोटारीआधी तूच बंद होशील.”

मग आम्हाला कायदा समजला. बिनतारी यंत्र परवान्याशिवाय बाळगू नये, हा दंडक इंग्रजांच्या १९३३ च्या कायद्यापासूनचा. असले पाच वॅटचे संच पोलीस, वनखातं, रेल्वे जिथं बोलतात त्या पट्ट्यांतही बोलू शकतात. उद्या मामांनी ‘दांड फुटला’ म्हटलं आणि ते गाडीच्या ड्रायव्हरनं ऐकलं, तर नंदीग्राम एक्स्प्रेस उभी राहायची. बाजारात असे संच सर्रास मिळायचे, म्हणून मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाईन विकणाऱ्या तेरा ठिकाणांना नोटिसा धाडल्या आणि त्याच महिन्याच्या अखेरीस नियमच काढले. कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, परवाना लागतो की नाही, हे विकणाऱ्यानं सांगितलंच पाहिजे.

“मग हौशी रेडिओवाल्यांची परीक्षा देतो,” मामेभाऊ म्हणाला. परीक्षा चांगली आहे, तरुणांनी जरूर द्यावी. पास झालं की व्हीयू अक्षरांनी सुरू होणारं स्वतःचं बोलावणं-नाव मिळतं, जगभर बोलता येतं. पण तो परवाना शिकण्यासाठी आणि प्रयोगासाठी असतो, धंद्यासाठी नाही. हरभऱ्याला पाणी देणं हा प्रयोगच आहे, नफा कधी झालेलाच नाही, असा युक्तिवाद मामांनी करून पाहिला. काकांनी तो फेटाळला.

वाट निघाली ती अशी. २०१८ पासून आपल्याकडे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा एवढासा पट्टा सगळ्यांना मोकळा आहे. ताकद फार तर अर्धा वॅट, सरकारी मान्यतेचा शिक्का असलेला संच, मग परवाना नको. साडेबारा किलोहर्ट्झचं एकेक घर धरलं तर त्या पट्ट्यात सोळा चॅनेल बसतात. अर्धा वॅट ऐकून मामांचा चेहरा पडला. “आमच्या देव्हाऱ्यातला बल्ब पाचाचा हाय,” ते म्हणाले. तरी जोडी आली.

डब्यावर लिहिलं होतं, रेंज पाच किलोमीटर. काकांनी समजावलं की दोन माणसं उघड्या सपाट रानात समोरासमोर उभी राहिली, तर जमिनीच्या वक्रतेचा हिशेब दहा किलोमीटरपर्यंत जातो. डबेवाला बिचारा निम्म्यावर थांबला. पण किनवटात सपाट रान दाखवा! टेकड्या आणि साग. ओल्या पानांना ही फ्रिक्वेन्सी फार आवडते, ती लहर पिऊनच टाकतात. पावसाळ्यात सागाआड गेलं की संच मुका होतो. साग पानं गाळतो तसा आवाज पुढं सरकतो, आणि उन्हाळ्यात, म्हणजे नदीला पाणी नसतं आणि बोलण्यासारखं काही उरत नाही तेव्हा, रेंज सगळ्यात उत्तम असते. आमच्या पाऊण किलोमीटरला मात्र अर्धा वॅट पोटभर झाला. काकांनी एकच युक्ती सांगितली होती. ऐकू आलं नाही तर ओरडू नका, बांधावर चढा. उंची वाढली की लहर लांब जाते, घसा ताणून जात नाही. मामांना हे पटायला हंगाम गेला.

संच लावणं म्हणाल तर दहा मिनिटांचं काम. आधी बॅटरी पूर्ण भरायची, ती त्याच्याच चार्जरवर, तापलेल्या पत्र्याखाली नाही. दोन्ही संचांवर एकच चॅनेल. मग स्क्वेल्च नावाची गोष्ट. कुणी बोलत नसताना जी खरखर येते, तिला ती दाबून धरते. जास्त आवळली तर खरखरीबरोबर लांबचा माणूसही दबतो, म्हणून खरखर जेमतेम थांबेल तिथं सोडायची. संच उभा धरायचा, तोंडापासून चार बोटं लांब. अँटेनाला धरून उचलायचा नाही, तिला मुठीत आवळून बोलायचं नाही, आणि मोकळ्या पट्ट्यातल्या संचाची अँटेना बदलायची तर मुळीच नाही. बटण दाबायचं, एक श्वास थांबायचं, मग बोलायचं, मग सोडायचं.

हे शेवटचं वाक्य वाचायला सोपं वाटतं. आमच्याकडे त्यानं कहर केला.

पहिल्या रात्री लाईन आली. मामा नदीवर, मामेभाऊ माळावर. मामांनी बटण दाबलं आणि रीतीप्रमाणे सुरुवात केली. “राम राम. पोचलास का? थंडी हाय का वर? मफलर घेतला न्हाईस, तुझी माय इचारत होती. जेवलास ते बरं केलास. आता ऐक...” बटण दाबलेलं असेपर्यंत संच फक्त बोलतो, ऐकत नाही. वर पाईप सुटला होता, हरभऱ्यात तळं झालं होतं, पोरगं संचात बोंबलत होतं, आणि मामा त्याला मफलरचं महत्त्व सांगत होते. आपल्याकडे चौकशी न करता थेट कामावर येणं उद्धटपणा समजतात. यंत्राला ही रीत कळत नाही.

काकांनी दुसऱ्या दिवशी ओट्यावर वर्ग घेतला. आधी ज्याला बोलवायचं त्याचं नाव, मग आपलं नाव, मग काम, मग ‘ओव्हर’. चौकशी घरी. मामांनी ते इतकं मनावर घेतलं की सोयरिकीच्या बैठकीत पाहुण्यांना “मुलगी पसंत, ओव्हर” म्हणाले.

तरी एक घोळ राहिलाच. माणूस घाईत असला की बटण दाबायच्या आधीच बोलायला लागतो, आणि पहिला शब्द हवेत जातो. ‘चालू कर’मधला ‘चालू’ गेला की काय उरतं? आणि ‘बंद कर’मधला ‘बंद’ गेला की? खालच्या माणसाला दोन्ही वेळा ‘कर’ एवढंच ऐकू यायचं. मामांनी चालू असेल तर बंद आणि बंद असेल तर चालू, असा सरळ अर्थ लावला. काकांनी डोक्याला हात लावला. रेल्वेत निरोप घेणारा तो निरोप परत म्हणून दाखवतो, देणारा ‘बरोबर’ म्हणतो, मगच हात हलतो. त्यांनी शब्दही बदलून दिले. सुरू करायचं तर ‘पाणी सोड’, थांबवायचं तर ‘मोटार बंद’. दोन्हींची तोंडं वेगळी, शेपट्याही वेगळ्या. फौजांनाही यातूनच जावं लागलं असणार. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिक पाठीवर सोळा-सतरा किलोचा संच वागवायचे, वॉकीटॉकी म्हणत ते त्याला. हातात धरायचा धाकटा संच वेगळा होता, आणि त्याला चालू-बंदचं बटणच नव्हतं. अँटेना ओढून बाहेर काढली की तो सुरू व्हायचा. मामांना हे फार आवडलं. मोटारीलाही तसंच का करत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

आता सगळं सुरळीत झालं असं वाटत असताना एका रात्री संचातून “मोटर बंद कर” असा खणखणीत हुकूम आला. मामांनी परत म्हणून दाखवलं, “मोटार बंद करतो,” आणि खटका पाडला. वरून पोरगं विचारतंय, “अप्पा, बंद कावून केली?” मामा म्हणतात, “तूच म्हणलास की!” तेवढ्यात तिसरा आवाज आला, “अन् तुमी कोन बोलून राह्यले बाप्पा? आमची मोटर तं चालूच हाय.”

पलीकडचा काठ. तिकडेही कुण्या शेतकऱ्यानं हीच जोडी घेतली होती, आणि दुकानातून निघाली तशी पहिल्याच चॅनेलवर ठेवली होती. नदीवर ना झाड ना टेकडी. अर्ध्या वॅटाला पैनगंगा म्हणजे अंगण. त्या रात्री मराठवाडा आणि विदर्भ यांच्यात पाणीवाटपावर बरीच चर्चा झाली, आणि प्रत्येक वाक्यानंतर ‘ओव्हर’ असल्यामुळे ती कमालीची सभ्य झाली. विधिमंडळानं विचार करावा.

संचात एक कोड लावता येतो. बोलण्याच्या पोटात न ऐकू येणारा खोल सूर जातो, त्यातला सगळ्यात खालचा ६७ हर्ट्झचा. तो सूर ओळखला तरच समोरचा संच तोंड उघडतो. विकणारे याला ‘प्रायव्हसी’ म्हणतात, ती शुद्ध थाप आहे. कोडानं परक्याचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही एवढंच. आपलं बोलणं परक्याला छान ऐकू जातं. म्हणून बाजारभाव, उधारी आणि सासुरवाडी हे विषय संचावर काढू नयेत. पलीकडच्या काठाला आमच्या घरच्या दोन भानगडी माहीत झाल्या आहेत. त्यांची एक आम्हाला माहीत आहे, त्यामुळे तूर्त शांतता आहे.

आमच्या भागात न बोलता रेडिओ वापरणारं एकच जनावर ऐकलं. शेजारच्या टिपेश्वरचा वाघ. २०१९ मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घालून तो निघाला आणि १,३०० किलोमीटरहून जास्त चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कॉलर सगळी खबर देत राहिली, वाघानं कुणालाच ‘पोचलो’ म्हणून कळवलं नाही.

परक्याच्या हुकुमाचा तो किस्सा हसण्यावारी गेला, कारण हुकूम ‘बंद’चा होता. ‘सोड’चा असता आणि पोरगं फुटबॉल, म्हणजे पंपाचा फूट व्हॉल्व्ह, उपसायला पाण्यात उतरलेलं असतं तर? तेव्हापासून नियम आहे. कुणाचाही हात पंपाला लागायचा असेल तर खटक्यावर आणि संचावर भरवसा नाही. फ्यूज काढायचा आणि पाण्यात उतरणाऱ्याच्या खिशात द्यायचा. ओल्या हातानं संच धरला तर फार तर संच बिघडेल, स्टार्टर धरला तर माणूस जाईल. गडगडायला लागलं की संच घेऊन बांधावर चढायचं नाही, झाडाखालीही नाही, सरळ घर गाठायचं. पुण्याच्या हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप वीज कुठं पडणार ते आधी सांगतं आणि ते चांगलं आहे, पण आमच्याकडे ते बघायला मोहाच्या झाडाखाली जावं लागतं. म्हणून निघतानाच गावात बघून घ्यायचं. खदानीत सुरुंग भरलेले असतील तर तिथून जाताना संच बंद ठेवायचा, विजेवर उडणाऱ्या टोप्यांजवळ कुठलाच रेडिओ बोलता ठेवू नये. फुगलेली बॅटरी दाबून बसवू नये. आणि अस्वल दिसलं तर आधी मागं फिरावं, ‘ओव्हर’ नंतर म्हणता येतं.

तेव्हा जोडी घ्यायची असेल तर अर्ध्या वॅटाची, मान्यतेचा शिक्का बघून घ्या. पाच वॅटच्या मोहात पडू नका. पहिलं चॅनेल दुकानातून निघालेल्या सगळ्या गावाचं असतं, ते आल्या आल्या बदला. आणि पैनगंगेकाठी शेत असेल तर एवढी कृपा करा, सातवं सोडून कुठलंही घ्या. कायद्यानं कुठलंच चॅनेल कुणाच्या मालकीचं नसतं हे मला ठाऊक आहे, पण सातव्यावर आमचे मामा आहेत आणि त्यांनी बटण अजून सोडलेलं नाही.